पेटी माझ्याकडे, किल्ली तुमच्याकडे

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी सरली की देवळाच्या सभामंडपात नाटकाच्या तालमी सुरू होतात. जत्रेला मराठी नाटक व्हायलाच हवं, हा गोव्यातल्या कितीतरी गावांचा रिवाज, तसाच आमचाही. तालमीत संहिता रोज थोडी बदलते. मास्तर एखादा संवाद कापतात, एखादं पद गाळतात, दुसऱ्या अंकातला प्रवेश पहिल्यात आणतात. मग प्रॉम्प्टरच्या वहीत एक असतं, नटाच्या मोबाइलमध्ये दुसरं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात शंभर निरोपांखाली तिसरंच.

म्हणून एका वर्षी आम्ही मजकूर चिकटवून त्याचा दुवा वाटायचं एक फुकट संकेतस्थळ वापरलं. बदललेला प्रवेश तिथे टाकला, आणि त्याच पानाच्या शेवटी बाहेरगावाहून येणाऱ्या स्त्री कलाकाराचा फोन नंबर, मानधनाचा आकडा आणि तिला आणायला जाणाऱ्या गाडीची वेळही लिहिली. पान सगळ्या जगाला उघडं होतं आणि त्याला मुदत घातलेली नव्हती. काही दिवसांनी तिला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. तिने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, पण पुढच्या वर्षी बोलावल्यावर ती आली नाही.

त्यानंतर मी ठरवलं, की आपल्या मंडळापुरतं असं ठिकाण आपणच उभारायचं. तसं बोललो तेव्हा आमचे प्रॉम्प्टर काका म्हणाले, "म्हणजे आता आमचं सगळं तुझ्या घरात. तू वाचणार नाहीस कशावरून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. स्वतःचा सर्व्हर लावला म्हणजे मजकूर सुरक्षित झाला, असं आपण धरून चालतो. खरं तर तो फक्त एका परक्या माणसाच्या हातून दुसऱ्या, ओळखीच्या माणसाच्या हातात गेलेला असतो. हा लेख काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराच्या ओघात सर्व्हर कसा लावायचा तेही येईल.

मजकूर वाटणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला पेस्टबिन म्हणतात. मी निवडलं ते प्रायव्हेटबिन. सेबास्तियाँ सोवाज या फ्रेंच प्रोग्रामरने २०१२ च्या सुमारास झिरोबिन नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. प्रायव्हेटबिन ही त्याचीच पुढे वाढलेली शाखा. ते मुक्त आहे, पीएचपीत लिहिलेलं आहे आणि त्याला वेगळा डेटाबेसही लागत नाही; साध्या फाइलींत काम भागतं. हवा असेल तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस जोडता येतो, पण एका गावच्या मंडळाला त्याची गरज पडत नाही.

त्याचं खरं वेगळेपण असं, की मजकुराला कुलूप सर्व्हरवर लागत नाही, लिहिणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच लागतं. तुम्ही प्रवेश चिकटवून बटण दाबता त्या क्षणी ब्राउझर २५६ बिटांची एक किल्ली बनवतो. ती यादृच्छिक असते, म्हणजे तिच्यामागे कोणताही अंदाज बांधता येईल असा नियम नसतो. मजकूर आधी दाबून लहान केला जातो, मग त्या किल्लीने एईएस पद्धतीने कुलूपबंद होतो, आणि सर्व्हरकडे जातो तो हा कुलूपबंद गोळा. सर्व्हर तो ठेवून घेतो आणि सोळा अक्षरांचा एक क्रमांक परत देतो. ब्राउझर मग पूर्ण दुवा तयार करतो: आधी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता, मग प्रश्नचिन्ह आणि तो क्रमांक, मग हॅश चिन्ह (#), आणि त्यापुढे किल्ली.

सगळी खुबी त्या हॅश चिन्हात आहे. पत्त्यातला हॅशच्या पुढचा भाग मुळात पानाच्या आतली एखादी जागा दाखवण्यासाठी असतो, आणि ती जागा शोधणं हे ब्राउझरचं स्वतःचं काम. त्यामुळे तो भाग सर्व्हरकडे पाठवायचाच नाही, असा वेबचा नियम आहे. २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकातही तो हाताळणं मागणाऱ्याच्या बाजूलाच ठेवलेलं आहे. दुवा उघडणाऱ्याचा ब्राउझर सर्व्हरला फक्त क्रमांक सांगतो, गोळा मागून घेतो आणि हॅशपुढची किल्ली लावून स्वतःच उघडतो.

काकांना मी हे फेरीबोटीवरून सांगितलं. रायबंदरहून चोडणला एक कुलूपबंद पेटी फेरीवर चढवली आणि किल्ली दुसऱ्या माणसाबरोबर डिचोलीच्या बाजूने, मयेवरून रस्त्याने पाठवली. फेरीवाल्याला पेटी दिसते. ती कोणी चढवली, कधी उतरली, जड आहे की हलकी, तेही कळतं. आत काय आहे ते मात्र त्याला कळत नाही, कारण किल्ली फेरीवर चढलीच नाही. सर्व्हर चालवणारा मी, म्हणजे तो फेरीवाला.

आता फेरीवाला व्हायचं कसं, ते पाहू.

सर्व्हर घरी ठेवायचा की भाड्याने घ्यायचा? जुना लॅपटॉप कपाटावर ठेवून हे सगळं चालतं, मी चालवून पाहिलं आहे. पण जूनच्या पावसात वीज जाते, गडगडाटात राउटर काढून ठेवावा लागतो, आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नाही. अनेक घरं मिळून एकच पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून आपल्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही. म्हणून भाड्याचा छोटा आभासी सर्व्हर बरा. एक गिगाबाइट मेमरी आमच्यासारख्या मंडळाला भरपूर होते. सोबत एक डोमेन नाव घ्यायचं आणि त्याच्या नोंदींत आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता लिहायचा.

सर्व्हर चालवणारी यंत्रणा (ऑपरेटिंग सिस्टीम) म्हणून मी डेबियन घेतली. उबंटू घेतली तरी पुढचं बहुतेक तसंच. डेबियन ही लिनक्सवर उभी आहे आणि लिनक्स युनिक्सच्या वळणाची. हे वळण पुढे फार कामाला येणार आहे. सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या वाटेने शिरायचं, आणि तेही पासवर्डने नव्हे, किल्लीच्या जोडीने. मग यूएफडब्ल्यू हे सोपं अग्निरोधक (फायरवॉल) लावायचं आणि तीनच दारं उघडी ठेवायची: २२ एसएसएचसाठी, ८० आणि ४४३ वेबसाठी. २२ ची परवानगी आधी द्या, मग अग्निरोधक चालू करा. क्रम उलटा झाला तर आपणच आपल्या सर्व्हरच्या बाहेर अडकतो.

यानंतर एपीटी या आज्ञेने एनजिनएक्स, पीएचपी-एफपीएम आणि पीएचपीचं जीडी हे जोडपत्र बसवायचं. एनजिनएक्स हा दारावरचा माणूस. कोणी चित्र किंवा जावास्क्रिप्टची फाइल मागितली तर तो स्वतःच देतो. पीएचपीचं काम आलं तर आत पीएचपी-एफपीएमकडे पाठवतो आणि उत्तर बाहेर आणतो. प्रायव्हेटबिनची गठडी गिटहबवरच्या त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या, दुसरीकडून नको. ती सोडवली की आत बऱ्याच फोल्डरी दिसतात.

इथे जरा थांबू. सगळ्या फोल्डरी उचलून वेबच्या फोल्डरमध्ये टाकल्या तरी पान उघडतं, मजकूर जातो, दुवा मिळतो. झालं असं वाटतं. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं, आणि आठवडाभर मला काही गैर दिसलं नाही. मग एका संध्याकाळी सहज म्हणून पत्त्यापुढे सेटिंग्जच्या नमुना फाइलचं नाव टाइप केलं आणि एनजिनएक्सने त्या मागणीला नकार दिला नाही. ज्या फोल्डरी आतल्या म्हणून ठेवायच्या, त्या रस्त्यावर मांडलेल्या होत्या.

कारण असं. अपाचे हा जुना वेब सर्व्हर फोल्डरीतल्या एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइली वाचतो आणि त्यात "आत येऊ नका" लिहिलं असेल तर ऐकतो. एनजिनएक्स त्या फाइली वाचतच नाही. तेव्हा पाटीवर विसंबू नये. ज्या वस्तू लोकांनी पाहायच्या नाहीत त्या रस्त्याकडच्या खोलीत ठेवूच नयेत.

प्रायव्हेटबिनमध्ये याची सोय आहे. एक मोठी फोल्डर करायची, तिच्या आत 'पब्लिक' नावाची. एनजिनएक्सला सांगायचं, की तुझं घर म्हणजे फक्त ही पब्लिक. तिच्यात इंडेक्सची पीएचपी फाइल, रोबोट्सची फाइल आणि जावास्क्रिप्ट, चित्रं, सजावट, भाषांतरं यांच्या फोल्डरी ठेवायच्या. सेटिंग्जची सीएफजी, मजकुराची डेटा, कोडच्या लिब आणि व्हेंडर, साच्यांची टीपीएल आणि व्यवस्थापनाची बिन या सगळ्या एक पायरी वर, पब्लिकच्या बाहेर राहतात. इंडेक्सच्या फाइलमध्ये पाथ नावाची एक ओळ असते, सुरुवातीला रिकामी. तिथे वरच्या फोल्डरचा मार्ग लिहायचा: दोन टिंबं आणि तिरकी रेघ. शेवटची तिरकी रेघ विसरलात तर सॉफ्टवेअरला स्वतःचाच कोड सापडत नाही आणि पान कोरं येतं.

आता युनिक्सचं वळण. युनिक्सच्या वंशातल्या प्रत्येक यंत्रणेत प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे. या तिघांना वाचणं, लिहिणं आणि चालवणं असे तीन हक्क वेगवेगळे देता येतात. फोल्डरीच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत शिरणं. हक्क आकड्यांत लिहितात: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. ७०० म्हणजे मालकाला सातही, इतरांना काहीच नाही. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचायला आणि शिरायला मुभा, लिहायला मनाई.

डेबियनमध्ये एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम दोघेही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या एका साध्या वापरकर्त्याच्या नावाने काम करतात. प्रायव्हेटबिनला मजकूर साठवायचा तर त्या वापरकर्त्याला डेटा फोल्डरीत लिहिता आलं पाहिजे. अनेक जण घाईत सगळ्याच फोल्डरी त्याच्या मालकीच्या करून टाकतात, किंवा सगळ्यांना ७७७ देतात. चालतं, पण आपण काकांना दिलेला शब्द तिथेच मोडतो.

कसं, ते सांगतो. कुलूप लावायचं काम ब्राउझर करतो हे खरं, पण ते कसं लावायचं हे सांगणारा जावास्क्रिप्टचा कोड कुठून येतो? माझ्याच सर्व्हरवरून. पीएचपीत उद्या एखादी फट सापडली आणि त्या वाटेने कोणी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने आत शिरलं, तर त्याला डेटामधले कुलूपबंद गोळे मिळतील. ते निरुपयोगी. पण त्याला जावास्क्रिप्टच्या फाइलीत लिहिता येत असेल, तर तो तिथे दोन ओळी घालेल, की कुलूप लावण्याआधी किल्लीची एक प्रत मला पाठव. मग कोणतंही गणित कामाचं नाही.

म्हणून कोडच्या सगळ्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे यंत्रणेचा सर्वाधिकारी वापरकर्ता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला त्या फक्त वाचता याव्यात. डेटा ही एकच फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची, हक्क ७००. मालक बदलणारी चोन आणि हक्क बदलणारी सीएचमॉड अशा दोन आज्ञांचं हे काम. पाच मिनिटंही लागत नाहीत. माझ्या मते सगळ्या उभारणीत याहून महत्त्वाची पाच मिनिटं नाहीत.

तीच गोष्ट एचटीटीपीएसची. ब्राउझरमधलं कुलूप लावायचं यंत्र, ज्याला वेब क्रिप्टो म्हणतात, ते फक्त सुरक्षित जोडणीवरच चालतं. साध्या एचटीटीपीवर पान उघडलंत तर प्रायव्हेटबिन काम करायला नकार देईल, आणि तो नकार योग्य आहे. जोडणी उघडी असेल तर वाटेतला कोणीही तोच जावास्क्रिप्टचा कोड बदलून पुढे पाठवू शकतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्र फुकट देते, आणि सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते मागून घेऊन एनजिनएक्सला जोडून देतो. या प्रमाणपत्राची नेहमीची मुदत ९० दिवसांची, पण सर्टबॉट ते वेळेत आपोआप नवं करतो. त्यासाठी डोमेनचं नाव आपल्या सर्व्हरकडेच पोचत असलं पाहिजे आणि ८० चं दार उघडं हवं.

सेटिंग्जची नमुना फाइल सीएफजीमध्ये असते. तिची प्रत काढून नाव बदलायचं आणि प्रतीत फेरफार करायचे. मुदत ठरलेली एक आठवडा असते, ती मी तशीच ठेवली. फाइली जोडण्याची सोय मुळातच बंद असते, तीही तशीच. एकदा वाचलं की नष्ट, असाही पर्याय आहे. मानधनाचे आकडे आता आम्ही तसेच पाठवतो. एकाच पत्त्यावरून दहा सेकंदांत दुसरा मजकूर टाकता येत नाही, ही मर्यादाही असू द्या.

मजकूर किती मोठा चालतो, हे लोक हमखास विचारतात. इथे तीन फाटकं एकामागे एक आहेत. प्रायव्हेटबिन स्वतः सुमारे १० मेगाबाइट घेतं, पीएचपी एरवी ८ घेतं, आणि एनजिनएक्स काही सांगितलं नसेल तर फक्त १. सगळ्यात अरुंद फाटक तेच खरं. आपल्या लिपीला याचा विचार जास्त करावा लागतो, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण आत त, हलन्त, र आणि ईकार अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. वीस हजार शब्दांचं नाटक धरलं आणि शब्दामागे सहा चिन्हं मानली, तर ते साडेतीनशे किलोबाइटांच्या आसपास जातं. पण कुलूप लागण्याआधी मजकूर दाबला जातो आणि आपल्या भाषेचा मजकूर चांगला दबतो. आमचं दोन अंकी नाटक पदांसकट त्या १ मेगाबाइटच्या फाटकातून सहज गेलं.

शेवटी एक निर्णय तुमचा. असं ठिकाण जगाला उघडं ठेवलं तर कोणीही येऊन काहीही ठेवून जाईल, आणि आत काय आहे ते तुम्हाला वाचता येणार नाही. मोठ्या मनाची माणसं ते सांभाळतात. मी मंडळापुरतं एनजिनएक्सचं साधं नाव-पासवर्डाचं कुलूप पूर्ण संकेतस्थळाला लावलं आणि तालमीत सगळ्यांना तोंडी सांगितलं.

काय होत नाही, तेही स्वच्छ सांगायला हवं. पूर्ण दुवा ज्याच्या हाती, तो मजकूर वाचणार. दुवा गटात टाकला आणि कोणी पुढे पाठवला, तर पेटीबरोबर किल्लीही गेली. म्हणून नाजूक मजकुराला वेगळा पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा. उलट बाजूने, दुवा हरवला तर मजकूरही हरवला. गेल्या जत्रेआधी नांदीची सुधारलेली प्रत अशीच गेली. पेटीमास्तरांनी मला रात्री फोन करून विचारलं, "तुझ्याच सर्व्हरवर आहे ना, काढून दे." गोळा होता, पण उघडता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा लिहून काढली. हे ठिकाण देवाणघेवाणीचं आहे, जपून ठेवण्याचं नाही. संहितेची मूळ प्रत वहीतच राहू द्या.

आणि माझ्यावरचा विश्वास पूर्णपणे संपत नाही. जावास्क्रिप्ट मी बदलू शकतो, कारण रूट मी आहे. काकांना मी हेही सांगितलं. मात्र सहज म्हणून, झोप येत नाही म्हणून, कोणाच्या आग्रहामुळे मला जुना मजकूर उघडून वाचता येत नाही; त्यासाठी आधी जाणूनबुजून लबाडी करावी लागेल.

हे सगळं लावून झालं की एक तपासणी जरूर करा. पानावर 'तालीम साडेसातला' असं काहीतरी टाका आणि मिळालेला दुवा दुसऱ्या फोनवर उघडा. मग सर्व्हरवर जाऊन एनजिनएक्सच्या नोंदवहीत पाहा. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणता क्रमांक मागितला गेला, सगळं लिहिलेलं असेल. दुव्यातल्या हॅशपुढची अक्षरं ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधा, सापडणार नाहीत. नंतर डेटा फोल्डरीत शिरून क्रमांकाच्या नावाची फाइल उघडा. तालमीचा पत्ता नाही, साडेसातचा पत्ता नाही, नुसती अक्षरांची रास.

मी हे काकांना शेजारी बसवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती रास बराच वेळ पाहिली, मग विचारलं, "मुदत संपली की हे जातं ना?" जातं, पण लगेच नाही. मुदत संपलेला मजकूर कोणाला वाचायला मिळत नाही; त्याची फाइल मात्र कोणी तो दुवा पुन्हा उघडला, किंवा नवा मजकूर टाकताना जुन्यांची सफाई झाली, की पुसली जाते. जत्रा संपल्यावर महिनोन्महिने कोणी काही टाकत नाही, त्यामुळे त्या काळात जुने गोळे तसेच पडून राहू शकतात. बिन फोल्डरीत व्यवस्थापनाची एक आज्ञा आहे, तिने ही सफाई हाताने करता येते. काकांच्या सांगण्यावरून मी ती क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये घातली, रोज पहाटे चार वाजता.